ऐंशी थाऊ

आमच्या घरी १९८४ सालची ॲम्बेसेडर आहे. बेळगावात टिळकवाडीतल्या घरासमोर ती उभी असते आणि गल्लीतली मुलं तिला 'सिनेमातली गाडी' म्हणतात. बाबांनी ती १९९१ साली सेकंडहँड घेतली. आईचे गुडघे दुखतात, तिला आताच्या बुटक्या गाड्यांमध्ये वाकून बसता येत नाही. ॲम्बेसेडरमध्ये ती सरळ चढते आणि सरळ उतरते. त्यामुळे ही गाडी आमच्याकडे हौसेची नाही, रोजच्या कामाची आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आई-बाबा गोव्याहून परत येताना चोर्ला घाटात रेडिएटरचा पाइप फुटला. टेंपरेचरचा काटा कित्येक वर्षं बंदच आहे, त्यामुळे वाफ दिसेपर्यंत कळलं नाही. हेड गॅस्केट गेलं आणि हेड वाकलं. गाडी टो करून बेळगावला आणली आणि एका गॅरेजमध्ये दिली. त्यांनी हेड फेस करून सपाट केलं. कॅमशाफ्ट झिजला होता, तोही ग्राइंड करून आणला. पंधरा दिवसांनी गाडी घरी आली, पण आवाज बदलला होता. टिकटिक ऐकू यायची, आणि सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. गॅरेजवाला म्हणाला, जुन्या गाडीचा आवाज असाच असतो.

बाबांनी स्वतः रॉकर कव्हर उघडून पाहिलं आणि मला बंगळुरूला फोन केला. "शनिवारी येतोस काय?"

मी बंगळुरूमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. चौदा-पंधरा वर्षांत बाबांनी 'ये' म्हणून स्वतः फोन केल्याचं मला आठवत नाही. 'सवड असेल तर' एवढंच ते म्हणतात, तेही आईच्या तोंडून. फोन ठेवता ठेवता त्यांनी दुसरी बातमी सांगितली. "लेथ विकला. दिवाळी झाली की घेऊन जाणार आहेत."

उद्यमबागेत बाबांची छोटी शेड आहे. एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक ग्राइंडर. बेळगावच्या फाउंड्र्यांची छोटी-मोठी कामं त्यांनी पस्तीस वर्षं केली. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. लेथवर असा हात चालत नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

*

पुढचं सगळं समजायला इंजिनातली एक गोष्ट माहीत हवी. ॲम्बेसेडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व असतात. एकातून हवा-पेट्रोल आत येतं, दुसऱ्यातून जळका धूर बाहेर जातो. ते ठरलेल्या वेळी उघडायचं काम कॅमशाफ्ट करतो. आताच्या बहुतेक गाड्यांत कॅमशाफ्ट वर, व्हॉल्वच्या जवळच असतो. ॲम्बेसेडरमध्ये तो खाली ब्लॉकमध्ये आहे आणि व्हॉल्व वर हेडमध्ये. मधलं अंतर ओलांडायला एक उभी पोलादी काडी लागते, तीच पुशरॉड. जुन्या बुलेटमध्येही अशाच दोन काड्या असतात.

कॅमचा उंचवटा पुशरॉडला वर ढकलतो. पुशरॉड रॉकर नावाच्या आडव्या तुकड्याचं एक टोक उचलतो. बागेतल्या सी-सॉसारखं रॉकरचं दुसरं टोक खाली जातं आणि व्हॉल्व दाबून उघडतं. उंचवटा सरकला की स्प्रिंग व्हॉल्वला परत बंद करते. व्हॉल्व बंद असताना रॉकर आणि व्हॉल्व यांच्यात कागदाच्या दोन-तीन पानांएवढी फट राहावी लागते, कारण इंजिन तापल्यावर सगळे भाग वाढतात. ही फट कमी-जास्त करायला रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकाला एक स्क्रू असतो. मेकॅनिक 'टॅपेट सेटिंग' म्हणतात ते हेच.

ॲम्बेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. आमच्या गाडीतलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 'बी सिरीज' इंजिन. तेच इंजिन एमजीए या इंग्लिश स्पोर्ट्स कारमध्येही होतं. हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा कारखान्यातलं उत्पादन २०१४ साली थांबलं, पण या इंजिनाची पुस्तकं अजून मिळतात. पुस्तकात पुशरॉडची लांबी दिलेली असते आणि ती अर्थातच कारखान्यातून आलेल्या इंजिनासाठी असते.

आमचं इंजिन तसं राहिलं नव्हतं. कव्हर उघडल्यावर मला दिसलं ते असं. आठही स्क्रू पार वर चढवलेले. रेडिएटरकडून मोजलं तर पाचव्या आणि आठव्या व्हॉल्वला फटच उरलेली नाही, आणि स्क्रू आणखी वर जायला जागाही नाही. काही रॉकरच्या पोटाला चकाकणारे ओरखडे होते. पुशरॉडच्या वरच्या टोकाला एक छोटी वाटी असते आणि स्क्रूची गोळी त्या वाटीत बसते. स्क्रू इतका वर गेला होता की वाटीचा काठ रॉकरला घासत होता.

फट नाही याचा अर्थ व्हॉल्व पूर्ण बंद होत नाही. जळता वायू त्या बारीक सापटीतून निसटतो आणि काही दिवसांत व्हॉल्वची कड जाळून टाकतो. टिकटिक हा नुसता आवाज नव्हता.

*

मी बी.ई. मेकॅनिकल. कारण शोधायला मला पाच मिनिटं लागली आणि त्याचा थोडा अभिमानही वाटला. हेड फेस केलं की त्याची जाडी कमी होते. हेडवर बसलेला रॉकर तेवढाच खाली येतो, कॅमच्या जवळ जातो. पुशरॉड मात्र तेवढाच राहतो, म्हणजे तो लांब पडतो. कॅम ग्राइंड केला की उलटं होतं. उंचवटा नव्याने घडवायचा तर कॅमचा गोल भागही घासून लहान करावा लागतो, त्यामुळे पुशरॉड खाली बसतो आणि आखूड पडतो. दोन चुका एकमेकींना खातात, पण पूर्ण नाही.

रात्री मी लॅपटॉपवर शीट केली. गॅरेजच्या बिलावर हेड फेसिंग ४० थाऊ लिहिलं होतं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. उद्यमबागेत आजही मिलिमीटरच्या बरोबरीने थाऊत बोलतात. ४० थाऊ म्हणजे साधारण एक मिलिमीटर. कॅम ग्राइंड करणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला गोल भाग २० थाऊने खाली गेलाय. ४० वजा २०, उत्तर २०. पुशरॉड २० थाऊने, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने लांब आहे.

सकाळी बाबांना शीट दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली आणि म्हणाले, "वीस थाऊ स्क्रू खातो की. वीस थाऊला स्क्रू एवढा वर कशाला जाईल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी व्हिडिओ पाहिले. अमेरिकेतल्या मोठ्या व्ही-एट इंजिनांवर पुशरॉडची लांबी कशी काढायची याचे पुष्कळ व्हिडिओ आहेत. व्हॉल्वच्या डोक्याला मार्करने काळं करायचं, इंजिन हाताने फिरवायचं आणि रॉकर घासून उमटलेली रेघ पाहायची. रेघ मधोमध आणि बारीक आली तर लांबी बरोबर. मी मार्कर घेऊन तयार झालो.

बाबा म्हणाले, "ती रेघ आपल्यात पुशरॉडने हलणार नाही."

मी वाद घातला. मग त्यांनी रॉकर हातात घेऊन दाखवलं. त्या अमेरिकन इंजिनात प्रत्येक रॉकर आपापल्या खिळीवर, एका नटावर तोललेला असतो. पुशरॉड लांब केला तर फट जुळवायला तो नट वर घ्यावा लागतो, म्हणजे रॉकरची बैठकच बदलते. आपल्याकडे सगळे रॉकर एका शाफ्टवर ओवलेले आणि शाफ्ट हेडवर पेडेस्टलला घट्ट. व्हॉल्व बंद असताना रॉकर कसा उभा राहायचा हे व्हॉल्वचं डोकं आणि शाफ्ट ही दोनच ठरवतात. दोन्ही हेडवरच असतात, त्यामुळे हेड खालून कितीही घासलं तरी त्यांचं आपसातलं अंतर बदलत नाही. आपल्याकडे पुशरॉडची लांबी फक्त एवढं ठरवते की स्क्रू कुठे राहील. तो मधोमध राहायला हवा, वर-खाली दोन्हीकडे जागा ठेवून.

याच कारणाने त्यांनी गॅरेजवाल्याचा उपायही नाकारला. तो म्हणत होता, पेडेस्टलखाली पत्र्याचं पॅकिंग घाला, शाफ्ट वर येईल आणि फट मिळेल. फट मिळाली असती हे खरं. पण शाफ्ट वर गेला की व्हॉल्वच्या बाजूची बैठक बिघडते. रॉकर व्हॉल्वच्या डोक्यावर मधोमध न दाबता कडेला दाबतो आणि व्हॉल्वला आडवं रेटतो. शिवाय रॉकरला तेल एका पेडेस्टलमधूनच येतं. पॅकिंगला तिथे भोक ठेवायला कुणी विसरला तर वरचं सगळं कोरडं.

"मग पुशरॉड किती आखूड करायचा?"

"मोजायचा. हिशेब पुरे."

*

मोजायचा कसा, तर लांबी बदलता येईल असा एक पुशरॉड करून. जुना एक पुशरॉड मधून कापायचा, दोन्ही तुकड्यांच्या टोकांत आतून आटे पाडायचे आणि मध्ये एक बारीक आटेवाला तुकडा घालून जोडायचा. पिळला की लांब होतो, उलटा पिळला की आखूड. मी सुचवलं, बाहेरून आटे पाडून वर लांब नट घालू, सोपं पडेल. बाबांनी हेडमधल्या भोकाकडे बोट दाखवलं. पुशरॉड त्या भोकातून खाली जातो, नट त्यात अडकला असता.

आम्ही उद्यमबागेत गेलो. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं, त्यात पंधरा मिनिटं गेली. शेडमध्ये लेथवर खडूने खरेदीदाराचं नाव लिहिलेलं होतं. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

बाबांनी तुकडा चकात धरला, डायल गेज लावून सरळ फिरतोय का ते पाहिलं, आणि बाजूला झाले. "हात हलतो माझा. तू कर."

कॉलेजच्या वर्कशॉपनंतर मी लेथला हात लावला नव्हता. आधी सेंटर ड्रिल, मग टेलस्टॉकला ३.३ मिलिमीटरचं ड्रिल, मग चार मिलिमीटरचा टॅप. काडी जेमतेम सात मिलिमीटरची. भोक मधोमध गेलं नाही तर भिंत एका बाजूला पातळ होणार. बाबा शेजारी उभे राहून आवाज ऐकत होते. "हळू. थोडं आत, परत बाहेर. तेल घाल."

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. २०१० साली शेवटच्या वर्षाला मला कॅम्पसमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली. घरी विचारलं नाही, सांगितलं. बाबा 'बरं' म्हणाले. पुढे कधीतरी आईकडून कळलं की त्यांनी शेडच्या मागची जागा आधीच भाड्याने घेऊन ठेवली होती. मी आलो की तिथे सीएनसी घालायचं त्यांच्या मनात होतं. मी त्यांना याबद्दल कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी ड्रिल आत जात असताना, त्यांच्याकडे न बघता मी विचारलं, "ती मागची जागा किती वर्षं ठेवली होती तुम्ही?"

"तीन." थोडा वेळ फक्त मोटरचा आवाज. मग म्हणाले, "ड्रिल काढ बाहेर, चिप अडकली आहे."

मी काढलं. खरंच चिप अडकली होती.

*

दुसऱ्या दिवशी माप. हेड आधीच उतरवलं होतं, कारण पाचव्या व्हॉल्वची कड पाहायची होती. सुदैवाने ती जळली नव्हती, नुसती काळवंडली होती. लॅपिंग करून बसली. या इंजिनात हेडचे चार लांब स्टड रॉकरच्या पेडेस्टललाही धरतात, म्हणून रॉकर शाफ्ट काढायचा तर पाणी सोडून हेडचे सगळे नट सैल करावे लागतात. एकदा आवळलेलं गॅस्केट असं सैल करून परत आवळणं चांगलं नाही. म्हणून बाबांनी घाईत फेकून दिलं जाऊ नये असं एक जुनं गॅस्केट जपून ठेवलं होतं, गॅरेजवाल्याने बसवलेलं आणि आता दबलेलं. माप त्यावर घ्यायचं. नवं गॅस्केट त्याच बनावटीचं, पण ते शेवटी एकदाच. गॅस्केट किती दबतं तोही लांबीचाच भाग आहे, आणि गॅस्केटशिवाय माप घेतलं तर तेवढी चूक हमखास.

पहिल्या व्हॉल्वपासून सुरुवात केली. माप घेताना त्या व्हॉल्वचा कॅम गोल भागावर असायला हवा, उंचवट्यावर नाही. त्यासाठी बाबांनी मला नऊचा नियम सांगितला. व्हॉल्वना एक ते आठ आकडे द्यायचे. आठवा पूर्ण दाबला गेला की पहिल्याचं माप घ्यायचं. सहावा दाबला की तिसऱ्याचं. बेरीज नेहमी नऊ. मी रोज कोड लिहितो, पण इतका छोटा आणि कधीच न चुकणारा नियम क्वचित पाहिला आहे.

आता उलट्या बाजूने काम. नेहमी पुशरॉड ठरलेला असतो आणि आपण स्क्रू फिरवतो. इथे आम्ही स्क्रू मधोमध ठेवून नटाने कसला आणि हलवायचा तो पुशरॉड. रॉकर स्प्रिंगविरुद्ध बाजूला सरकवून आमचा पुशरॉड भोकात सोडला, रॉकर परत जागेवर आणला. रॉकर आणि व्हॉल्वमध्ये पुस्तकात दिलेल्या फटीइतकं फिलर गेजचं पान घातलं. पुशरॉड काढायचा, थोडा पिळायचा, परत घालायचा, पान ओढून बघायचं. चार मिलिमीटरच्या आट्याला एक फेरा म्हणजे ०.७ मिलिमीटर. फेऱ्याचा चौथा भाग, मग आठवा भाग. पान ओढताना बोटाला किंचित अडखळ लागली पाहिजे, लोण्यातून सुरी जाते तशी.

ही अडखळ बाबांच्या हाताला अजून बरोबर कळते. हात थरथरतो, पण पान ओढताना तो थांबतो. मी 'झालं' म्हणायचो आणि ते पान ओढून 'अजून एक थाऊ' म्हणायचे. व्हर्नियर त्यांच्या बाजूने निघायचा.

लांबी मोजतानाही एक धडा मिळाला. मी पुशरॉडच्या वाटीच्या काठापासून माप घेत होतो. काठ झिजलेला असतो आणि झीज प्रत्येकाची वेगळी. बाबांनी बेअरिंगमधली एक गोळी वाटीत ठेवली आणि गोळीच्या माथ्यापासून माप घ्यायला लावलं. जुन्या पुशरॉडवरही तीच गोळी. मग दोन मापांतला फरक खरा.

आठही जागी माप घेतलं. जुन्या पुशरॉडपेक्षा किती आखूड हवा, याची उत्तरं ७७ पासून ८३ थाऊपर्यंत आली. कॅमचे आठ उंचवटे ग्राइंडरवर अगदी सारखे उतरत नाहीत, म्हणून एवढा फरक असणारच, तेवढा स्क्रू सांभाळतो. मधलं माप ८०. म्हणजे दोन मिलिमीटर.

माझ्या शीटमध्ये २० होते.

मी परत मोजलं. गोळी पुसली, व्हर्नियरचा शून्य तपासला, चौथा आणि सातवा व्हॉल्व नव्याने केला. ऐंशीच्या आसपासच. ६० थाऊ कुठून तरी आले होते आणि त्यांचा माझ्याकडे हिशेब नव्हता.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अठ्ठ्याण्णव साली ब्लॉक फेस केला होता. हेड पण."

"किती?"

"आता कुठलं आठवायला. गाडी विकायची होती. तुझ्या आईचं ऑपरेशन होतं, पैसे लागणार होते. गिऱ्हाईक यायच्या आत इंजिन नीट करून ठेवावं म्हणून एकाच्या मशीनवर रात्री बसून केलं. बिल कुठलं असणार."

१९९८ साली मी दहा वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात मला आणि बहिणीला खानापूरला मामाकडे ठेवलं होतं, एवढंच मला आठवतं. आंबे खाल्ले होते. ऑपरेशनचं आम्हाला पुढेही कुणी धड सांगितलं नव्हतं.

"मग विकली का नाही?"

"गिऱ्हाईक आलंच नाही की."

आई दाराशी चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बरं झालं नाही आलं."

तेव्हाच स्क्रू बरेच वर गेले असणार, पण चालून गेलं. पंचवीस वर्षं चाललं. या वेळच्या ४० थाऊंनी, कॅमचे २० वजा जाऊनसुद्धा, शेवटची जागा संपवली. माझं गणित चुकलं नव्हतं. मला माहीत असलेल्या गोष्टींची वजाबाकी अगदी बरोबर होती. पण इंजिनाबरोबर झालेलं सगळं मला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनाही आकडा आठवत नव्हता. माप घ्यायला ते आठवावं लागत नाही. घासलेलं हेड, घासलेला ब्लॉक, दबलेलं गॅस्केट, झिजलेला कॅम, कुणी लिहून ठेवलेलं असो वा नसो, सगळं त्या एका काडीच्या लांबीत येतं.

*

नवे पुशरॉड करायला दोन शनिवार-रविवार लागले. परदेशातून मागवता आले असते, पण बाबांनी ऐकलं नाही. "लेथ आहे अजून." सीमलेस स्टीलच्या नळीचे आठ तुकडे, त्यांच्या एका टोकाला गोळी आणि दुसऱ्या टोकाला वाटी. टोकं ईएन-३१ पोलादाची टर्न केली, उद्यमबागेतच हार्डनिंग करून आणली आणि प्रेसखाली नळीत घट्ट बसवली. लांबी नळीच्या तुकड्यावर ठरत होती, म्हणून ते कापून टोकं सपाट करायचं काम सर्वांत जपून केलं. आठांत जास्तीत जास्त फरक दोन थाऊंचा राहिला. यातलं बहुतेक काम मी केलं. बाबा बाजूला स्टुलावर बसून होते. शेवटच्या दोन तुकड्यांना त्यांनी काहीच सूचना दिली नाही.

नवं गॅस्केट घालण्याआधी एक तपासणी बाकी होती. हेड आणि ब्लॉक दोन्ही एवढे घासल्यावर उघडा व्हॉल्व पिस्टनला लागणार नाही ना? पहिल्या पिस्टनवर भाचीच्या खेळण्यातल्या क्लेचा पातळ थर लावला, जुन्या गॅस्केटवर हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं आणि परत उघडलं. क्लेमध्ये व्हॉल्वचा ठसा उमटला होता, पण सर्वांत पातळ जागीही पुरेशी जाडी शिल्लक होती. भाचीला क्ले परत हवी होती. ती तेलकट झाल्यामुळे नवी आणून द्यावी लागली.

मग शेवटचं बसवणं. हेडचे नट पुस्तकातल्या क्रमाने थोडे थोडे कसले. कॉम्प्रेशन वाढलं होतं म्हणून बाबांनी इग्निशनचं टायमिंग जरा मागे घेतलं. नऊच्या नियमाने आठही टॅपेट सेट केले. स्क्रू सगळे मधोमध, एका ओळीत. सेल्फ मारला. गाडी दुसऱ्या झटक्याला लागली. बाबांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक रॉकर कव्हरवर आणि मूठ कानाला लावून एकेक जागा ऐकली. "पाचवा जरा बोलतोय," म्हणाले. इंजिन गरम झाल्यावर परत ऐकलं, तेव्हा काही बोलले नाहीत.

दिवाळीनंतरच्या सोमवारी लेथ गेला. टेम्पोत चढवायला सहा माणसं लागली. मी रजा घेऊन थांबलो होतो. शेडमध्ये जमिनीवर त्याच्या पायांचे चार चौकोन उमटले आहेत, तिथे सिमेंट वेगळ्या रंगाचं दिसतं. शेड अजून भाड्याने दिलेली नाही. लांबी बदलणारा तो पुशरॉड बाबांच्या टेबलाच्या खणात आहे, त्या बेअरिंगच्या गोळीबरोबर.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुनी बुलेट, जीप किंवा अशीच एखादी गाडी असेल. आता ती आपल्या पिढीच्या हातात येते आहे. तिचं हेड कधी फेस केलं, किती केलं, हे घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारून ठेवा आणि लिहून ठेवा. आकडा मिळाला नाही तरी बाकीचं कळेल.

आम्ही ते रॉकर कव्हरच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहिलं. 'हेड ४०, कॅम उणे २०, पुशरॉड उणे ८०.' त्याखाली मी लिहिलं, '१९९८ : ब्लॉक आणि हेड मिळून ६०.' बाबांनी वाचलं आणि म्हणाले, "साठच्या आधी अंदाजे लिही. मोजलेलं नाही ते."

मी लिहिलं. हजार किलोमीटर झाले की हेडचे नट परत एकदा तपासायचे आहेत. आतापर्यंत सातशे झाले. या खेपेला बाबांनी फोनवर तारीखच विचारली.